शर्यतीतून आलेला घोडा लंगडतो, पण कारण सापडत नाही: काय करावं, कोणत्या क्रमाने करावं

पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, घरी येतो. दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीत अंग भरतं, तकाकी येते, आणि एक दिवस दुडकीत (चालणं आणि दौड यांच्या मधली चाल) मान हलायला लागते. पाय चाचपावा तर गरम नाही, सूज नाही. एक्स-रे काढावा तर त्यातही काही नाही. चार दिवसांत घोडा बरा, पुढच्या आठवड्यात पुन्हा लंगडा. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. नालबंद म्हणतो दुखणं खांद्यात आहे, सईस, म्हणजे घोडा सांभाळणारा, म्हणतो नालेत आहे, आणि गावातला एखादा जाणता पायाला डाग द्यायला सांगतो. डाग मुळीच देऊ नका. त्याने दुखणं जात नाही, वर एक जखम वाढते.

अशा वेळी कारण नसतं असं क्वचितच होतं. बहुधा कारणं दोन असतात, किंवा शोध अर्ध्यावर सुटलेला असतो. म्हणून क्रम पाळा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पायरी १: थांबण्यासारखं आहे का, ते आधी ठरवा

घोडा पाय टेकतच नसेल, सांध्याजवळ जखम असेल, खुरात खिळा घुसला असेल, पाय वेडावाकडा दिसत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, पशुवैद्यकाला बोलवा. दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून घोडा उभा असेल तर तीही तातडीचीच वेळ आहे. खुराच्या आतल्या थराला सूज आल्याचं ते लक्षण आहे. खुरात घुसलेला खिळा शक्यतो स्वतः उपटू नका. खिळा जागेवर असताना एक्स-रे निघाला तर तो कुठवर गेलाय ते कळतं. तो आणखी आत जाण्याची भीती असेल तरच काढा, आणि काढण्याआधी जागा आणि दिशा दिसेल असा फोटो घ्या. धनुर्वाताची लस कधी दिली होती, हा प्रश्न डॉक्टर विचारतीलच.

ताप मोजा. निरोगी घोड्याचं तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असतं, आणि विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४. पावसाळ्यानंतर अधूनमधून ताप येत असेल, पाय सुजत असतील, मागचा भाग लुळा पडल्यासारखा वाटत असेल, तर 'सर्रा' या रोगासाठी रक्त तपासायला सांगा. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा हा रोग आपल्याकडे आहे, आणि 'मागचे पाय धरलेत' म्हणून महिनोन्महिने तेल चोळलं जातं.

पायरी २: कोणता पाय, ते नक्की करा

हे वाटतं तितकं सोपं नाही. कठीण, सपाट, सरळ अशी तीसेक मीटरची पट्टी निवडा. सईसाला दोरी सैल धरायला सांगा. जबड्याजवळ आवळून धरली की मान हलायला जागाच उरत नाही आणि लंगडणं दिसेनासं होतं. घोडा दुडकीतच पळवा. दुडकीत समोरासमोरच्या कोनातले दोन पाय जोडीने पडतात, त्यामुळे डाव्या-उजव्यातला फरक ओळखता येतो. दौडीत तो कळत नाही.

पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मागच्या पायासाठी मागून पुठ्ठे (कमरेमागचा मांसल भाग) पाहा: दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. इथे एक फसगत ठरलेली आहे. मागचा डावा पाय जोरात दुखत असेल तर घोडा भार पुढे ढकलतो, त्या लयीत मान खाली जाते आणि पाहणाऱ्याला पुढचा डावा पाय लंगडा वाटतो. पुढच्या पायात काहीच सापडत नसेल तर त्याच बाजूचा मागचा पाय पाहा.

दुसरी फसगत दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखताना होते. मग मान हलतच नाही. घोडा नुसती आखूड पावलं टाकतो आणि लोक म्हणतात, 'आळशी आहे.' अशाला दोरीवर गोल फिरवा, दोन्ही दिशांनी, आधी कठीण आणि मग मऊ जमिनीवर. ढोबळ नियम असा की कठीण जमिनीवर लंगडणं वाढलं तर शंका खुरावर किंवा हाडावर, आणि खोल मऊ मातीत वाढलं तर कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आणि बंधांवर. मुंबईचं महालक्ष्मी आणि पुणे, दोन्हीकडच्या शर्यती उजव्या वळणाच्या. तिथून आलेला घोडा सुरुवातीला डावीकडे ताठ वळला तर लगेच घाबरू नका, पण नोंद ठेवा.

पायरी ३: खूर, आणि पुन्हा खूर

लंगडणं दिसलं की लोक खांद्याकडे पाहतात. मूळ बहुतेकदा खाली, खुरात असतं. शर्यतीच्या घोड्याचे तळवे पातळ असतात, पंजा (खुराचा पुढचा भाग) लांब आणि टाच खचलेली असते. हलक्या अॅल्युमिनियमच्या नाला काढून त्याला एकदम अनवाणी खडीवर सोडलं तर तो लंगडणारच. त्यात गूढ काही नाही.

खुरावरचा पहिला जाड सांधा हाताने धरा. मागच्या बाजूला, डावी-उजवीकडे, बोटाखाली दोरीसारखं काहीतरी सरकतं. तिथेच धमनी आहे. निरोगी पायात हा ठोका शोधावा लागतो. तो बोटाला सरळ उडताना जाणवला तर खुरात दाह आहे. चारही पायांची तुलना करा, आणि हे रोज करा, म्हणजे तुमच्या घोड्याचं नेहमीचं काय ते हाताला ठाऊक होतं.

नाल ठोकल्यावर दोन-चार दिवसांत लंगडणं सुरू झालं असेल तर एखादा खिळा मऊ भागाच्या फार जवळ गेलाय का, हे नालबंदाला एकेक खिळा तपासून पाहायला सांगा. यात त्याच्यावर आरोप नाही. पातळ भिंतीच्या खुरात हे चांगल्या कारागिराकडूनही होतं.

अचानक आणि जोरात लंगडण्यामागे खुरातला पू हे सगळ्यात नेहमीचं कारण. एक्स-रेत तो दिसेलच असं नाही. डॉक्टर किंवा नालबंदाने चिमट्याने दाबून दुखरी जागा शोधून वाट करून दिली की आराम पडायला लागतो. नंतर खूर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पंधरा-वीस मिनिटं बुडवायचा, कोरडा करायचा आणि बांधायचा. बांधायला लहान मुलांचा डायपर अगदी उत्तम: खुरावर नीट बसतो आणि ओल शोषतो. वरून रुंद चिकटपट्टीचे थर द्या, पण पट्टी खुरावरच थांबली पाहिजे. केसाळ भागावर आवळून चढली तर रक्तप्रवाह अडतो.

पावसाळ्यात चिखलाने तळवा मऊ पडतो आणि खुराच्या तळाचा मऊ त्रिकोण सडून काळा, घाण वासाचा स्राव येतो. उभं राहायला कोरडी जागा हाच त्यावरचा अर्धा इलाज.

पायरी ४: वही आणि मोबाइल

दर आठवड्याला त्याच पट्टीवर समोरून, मागून आणि बाजूने व्हिडिओ काढा. वहीत लिहा: तारीख, जमीन, काम, नाल कधी झाली, औषध, चंदीतला (घोड्याच्या खुराकातला) बदल. लंगडण्याला ० ते ५ असा आकडा द्या. ० म्हणजे काही नाही, ३ म्हणजे दुडकीत प्रत्येक वेळी दिसतं, ५ म्हणजे पाय जवळपास टेकवत नाही. महिन्याभरात या वहीत जे दिसतं ते आठवणीतून कधीच दिसत नाही. समजा, नाल झाल्यावर तिसऱ्या आठवड्यापर्यंत घोडा बरा आणि पाचव्यात लंगडा असेल, तर खूर वाढून तोल बिघडतोय अशी शंका घ्यायला जागा आहे.

जुन्या प्रशिक्षकाकडून इतिहास मागा: कोणत्या पायाला मार होता, सांध्यात इंजेक्शनं दिली होती का. सगळं सांगतीलच असं नाही, पण विचारायला काय जातं!

पायरी ५: डॉक्टरांकडून नेमकं काय करून घ्यायचं

'एक्स-रे काढा' असं मोघम सांगून पैसे जातात आणि हाती काही लागत नाही. आधी भूल देऊन जागा शोधायची असते. खुरापासून सुरुवात करून एकेक टप्पा वर जात नसा बधिर करतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर घोडा पळवून पाहतात. ज्या टप्प्यावर लंगडणं थांबलं, दुखणं त्या भागात. कधी एका पायाला भूल दिली की घोडा चक्क दुसऱ्या पायाने लंगडायला लागतो. घाबरू नका, दोन्ही पाय दुखत होते याचाच तो पुरावा. मात्र हाडाला चीर गेल्याची शंका असेल तर डॉक्टर भूल टाळतील, कारण दुखणं न जाणवल्याने घोडा पूर्ण भार टाकेल आणि चिरेचं मोडणं होईल.

शर्यतीच्या घोड्यांत हाडाला ताणाने बारीक चिरा पडतात आणि सुरुवातीच्या एक्स-रेत त्या दिसत नाहीत. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढलेला एक्स-रे वाया जात नाही. कंडरा आणि बंधांसाठी सोनोग्राफीच हवी. खालून वरपर्यंत काही मिळालं नाही तर पाठ आणि कंबर तपासायला सांगा. थरोब्रेडमध्ये पाठीचे मणके वरच्या टोकाला एकमेकांना घासणं नवं नाही, आणि खोगीर चढवताना कान मागे टाकणं हा त्याचा पहिला इशारा असू शकतो.

पायरी ६: चंदीकडे पाहा

ही पायरी लोक हमखास सोडतात. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस जवळजवळ दसपट असतं. रोज घमेलंभर कोंडा आणि सोबत नेपियर गवत, ज्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, असं महिनोन्महिने चाललं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला लागतं. मग आज हा पाय, उद्या तो, असं जागा बदलणारं लंगडणं सुरू होतं आणि कुठल्याही एका पायात काही सापडत नाही. पुढे चेहऱ्याची हाडंही सुजू शकतात. कोंडा कमी करा, लसूणघास वाढवा (त्यात कॅल्शियम भरपूर असतं) आणि खनिज मिश्रण डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. बदल एकदम नको, दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो तरी कोरडी वैरण हवी; रेसकोर्सवरची दाण्यावरची चंदी आता त्याला नको.

पायरी ७: वेदनाशामक औषधं

तपासणीच्या आधी मनाने देऊ नका, दुखणं झाकलं जातं. फिनाइलब्युटाझोन या घोड्यांच्या नेहमीच्या वेदनाशामकाने पोटात अल्सर वाढतात, आणि शर्यतीतून आलेल्या घोड्यांत अल्सर आधीच सर्रास असतात. औषधाच्या दुकानातून माणसांचं डायक्लोफेनॅक आणून टोचणं तर नकोच. गिधाडांच्या मृत्यूमुळे जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे.

पायरी ८: विश्रांती आणि परत काम

हाडाची किंवा कंडऱ्याची शंका मिटेपर्यंत तबेल्यातच ठेवा, पण चार भिंतींत सहा महिने कोंडणं म्हणजे उपचार नव्हे. डॉक्टरांनी परवानगी दिली की हाताने चालवणं सुरू करा, दिवसातून दोनदा दहा मिनिटं, कठीण सपाट जमिनीवर. दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवा. लंगडणं एका आकड्याने वाढलं की आधीच्या आठवड्यावर परत या. कंडऱ्याची दुखापत असेल तर नऊ ते बारा महिने धरून चाला. तीन महिन्यांत घोडा बरा दिसतो आणि तिथेच माणसाची घाई नडते. खुराचा पंजा वरून खालपर्यंत नवा वाढायलाही जवळजवळ वर्ष लागतं. पातळ तळव्याचा घोडा सुधारतोय की नाही, हे दोन नालांनंतर ठरवू नका.

सगळं करूनही काही सापडलं नाही, असंही होतं. मग प्रश्न बदला: कुरणात हा घोडा खातो का, लोळतो का, सोबत्यांबरोबर आपणहून दुडकतो का? यांचं उत्तर हो असेल तर खोगीर उतरवून ठेवा, त्याला कोरडी जागा आणि सोबत द्या, खुरं दर चार-सहा आठवड्यांनी करून घ्या आणि वही चालू ठेवा. उत्तर नाही असेल आणि औषधाशिवाय तो उठ-बसही करत नसेल, तर पुढचं काय ते डॉक्टरांशी स्पष्ट बोला. ते बोलणं लांबवलं तर त्रास घोड्याला होतो.