अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम: वॉरफरिन सुरू असताना घ्यायची काळजी

या विकारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. या प्रतिपिंडांच्या एकाच रक्ततपासणीवरून निदान पक्के मानू नये; किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. गुठळी होऊन गेलेल्या रुग्णाला बहुधा वॉरफरिन हे गुठळ्या रोखणारे औषध देतात आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतील आकडा) साधारणपणे २ ते ३ दरम्यान राखतात.

गोळी रोज ठरलेल्या वेळीच घ्यावी. पालक, मेथी सोडण्याची गरज नसते. मात्र दादरच्या मंडईत जुड्या स्वस्त झाल्या म्हणून एकाएकी रोज पालेभाजी खाल्ली, तर के जीवनसत्त्व वाढून औषधाचा परिणाम कमी होतो, म्हणून प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे. त्याहून मोठा धोका औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा आहे, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळीने रक्तस्राव होऊ शकतो. हे घरच्यांनाही बजावून सांगावे. लोकलने प्रवास करणाऱ्यांनी वॉरफरिन घेत असल्याची चिठ्ठी पाकिटात ठेवावी.

वॉरफरिन गर्भाला घातक ठरू शकते, त्यामुळे बाळाचा विचार असल्यास डॉक्टरांशी आधीच बोलावे. गरोदरपणात सहसा हेपरिन हे गुठळ्या रोखणारे दुसरे औषध आणि कमी मात्रेचे ॲस्पिरिन देतात.

एकाच पायाला सूज, अचानक धाप किंवा बोलण्यात अडखळणे जाणवल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.