जास्वंदीवरचा प्रत्येक पांढरा किडा मारू नका

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की हात आधी फवाऱ्याकडे जातो. थांबा, भिंग नाहीतर मोबाइलचा कॅमेरा घेऊन नीट बघा. पिठ्या ढेकूण (मिलीबग, झाडाचा रस शोषणारी कीड) घोळक्याने चिकटून बसतो आणि डिवचलं तरी फारसा हलत नाही. त्याच घोळक्यात एखादा मोठा, लांब मेणचट झालरीचा पांढरा किडा लगबगीने फिरताना दिसला, तर ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी. ती मुख्यतः पिठ्या ढेकणावर जगते, आणि बिचारी त्याच्यासारखी दिसते म्हणून मरते! मूळचा ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. प्रौढ जेमतेम ४ मिलिमीटरचा, काळपट, डोकं नारिंगी.

खरी अडचण मुंग्यांची. ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून खोडाला कागदी पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. थेट सालीवर नको. भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून येतातच.

फार चुरगळलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा, बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा. पण आधी अळ्या बघून, त्या असलेले शेंडे सोडून. कडुनिंबाचं तेलही अळ्या नसलेल्या फांदीपुरतंच, संध्याकाळी: लिटरभर पाण्याला ५ मिली, थोडा साबण घालून. जवळच कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या. ढालकिड्यांना परागही लागतात.