कॉन्व्हेंटचा गणवेश शिवताना दाब (आत दुमडलेलं जादा कापड) भरपूर ठेवा

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, त्यामुळे कापड मे महिन्यातच आणा. आधी शाळेची छापील सूचना वाचा: चौकड्यांचा आकार, मोज्यांच्या पट्ट्या, स्कर्टची लांबी. नुसता 'निळा' सांगून आणलेलं कापड हमखास वेगळं निघतं.

सुती कापड असेल तर शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि ट्युनिक गुडघ्याच्या वर जातं. टेरिकॉट फारसं आटत नाही.

शिंप्याला सांगा, खाली ३ इंच आणि बाजूंना १-१ इंच दाब ठेवा. खालची पट्टी हातशिलाईनेच घालायची. मशीनची शिलाई उसवली की टोचे दिसत राहतात. पोर वर्षभरात वाढतं, मग दाब सोडला की तोच गणवेश पुन्हा चालतो. फक्त गडद कपडे उलटे करून सावलीत वाळवा. उन्हाने बाहेरचा रंग उडतो, दुमडलेला तसाच राहतो आणि दाब सोडल्यावर पट्टा उठून दिसतो.

पांढऱ्या सदऱ्यावर काळ्या मातीचा चिखल लागला तर ओला चोळू नका, डाग आत बसतो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मगच साबण लावा.