कालव्याचा विसर्ग, एकही कंस न टाकता (एचपी ५०जी)

एचपी ५०जी हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर सुरुवातीला साध्या कॅल्क्युलेटरसारखाच वागतो. ते आधी बदला. मोड दाबा, ऑपरेटिंग मोडवर असताना +/− दाबून आरपीएन (आकडे आधी, क्रिया नंतर देण्याची पद्धत) आणा, मग ओके, म्हणजे एफ६. सगळ्यात खालची ओळ ही पहिली पातळी. नवा आकडा तिथे बसतो, जुने वर सरकतात. आधी आकडे, मग क्रिया, बस्स.

आता काँक्रीट अस्तराचा कालवा घेऊ, त्याचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, काढायचा आहे: तळरुंदी १.२ मीटर, बाजूउतार १.५ : १ (आडवं १.५, उभं १), पाण्याची खोली ०.८. क्षेत्रफळात खोली दोनदा लागते, मी ती एकदाच टाइप करतो. ०.८ एंटर, लगेच पुन्हा एंटर, की तिची नक्कल तयार. मग १.५ ×, १.२ +, आणि नुसता ×. उत्तर १.९२. ते शेवटी परत लागणार आहे, म्हणून पुन्हा एंटर दाबून त्याचीही एक प्रत ठेवा.

पाणी तळाला आणि दोन्ही बाजूंना लागतं तेवढी लांबी: १.५, मग लेफ्ट शिफ्ट आणि √ (हा वर्ग), १ +, √, १.६ (खोलीची दुप्पट) ×, १.२ +. ४.०८४४ येईल. १.९२ वरच्या ओळीत वाट बघतोय. ÷ दाबा: ०.४७०१, हा हायड्रॉलिक रेडियस, म्हणजे क्षेत्रफळ भागिले ती लांबी. भागाकारात आणि वजाबाकीत दुसरी पातळी आधी, पहिली नंतर. उलटं पडलं असेल तर क्रियेआधी उजवा बाण दाबून अदलाबदल करा. क्रिया होऊन गेली असेल तर राइट शिफ्ट आणि हिस्ट, म्हणजे अनडू. ही कळ पाठच करून टाका, बाकीचं सवयीने येतं.

पुढे मॅनिंगचं सूत्र, म्हणजे पाण्याचा वेग: हायड्रॉलिक रेडियसचा २/३ घात, गुणिले तळउताराचं वर्गमूळ, भागिले गुणांक. इथे एक खोच आहे: २ एंटर ३ ÷ केलं तर यंत्र २/३ हा अपूर्णांक तसाच ठेवतं, पूर्णांकांशी ते फार सोवळं वागतं. म्हणून २ नंतर दशांशचिन्ह द्या, मग एंटर, ३ ÷, आणि घाताची कळ. ०.६०४६. तळउतार २५०० ला १, म्हणून ०.०००४ √ ×. मॅनिंगचा गुणांक (अस्तराचा खडबडीतपणा) ०.०१८ धरून ÷. वेग ०.६७ मीटर प्रतिसेकंद. वर १.९२ अजून बसलेलाच आहे, × दाबा: १.२९ घनमीटर प्रतिसेकंद, हाच विसर्ग.