बांधावरचा साग: पानगळीतली छाटणी, मोजणी आणि तोड

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात साग पाने टाकतो. खोडाचा बाक, गाठी, पोकळ्या डोळ्यांना नीट दिसतात, म्हणून फांद्या काढणे, विरळणी आणि तोड ही कामे आताच उरका.

फळीतली काळी, सुटी गाठ ही बहुधा न काढलेल्या किंवा खुंटी ठेवून तोडलेल्या फांदीची असते. खोड त्या मेलेल्या खुंटीभोवती वाढत जाते, पण तिला धरत नाही; पुढे रंधा मारताना गाठ निखळून फळीला भोक पडते. फांदी अंगठ्याएवढी असतानाच करवतीने काढा. आधी खालून खाच, मग वरून काप, म्हणजे साल सोलवटत नाही. फांदीच्या बुडाशी फुगीर कडे असते. ते शाबूत ठेवून त्याला लागून कापा. मोठ्या जखमेवर बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी नको. वरचा निम्मा शेंडा मात्र राखा. एकदम जास्त छाटले की खोडभर धुमारे फुटतात आणि केलेले काम वाया जाते.

तोडीची घाई मात्र करू नका. नव्वदच्या दशकात सागलागवडीत पैसे गुंतवायच्या योजनांनी वर्षे मोजायला शिकवले. सुतार घेर मोजतो. घराच्या सामानाला हवा असतो तपकिरी गाभा. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला कीड लागते आणि पॉलिशखाली दडवले तरी काही दिवसांनी पलंगाखाली पिठासारखा भुसा पडू लागतो. साल काढल्यावर घेर 24 इंच आणि पांढरा थर एक इंच धरला, तर गाभा जेमतेम 55 टक्के निघतो. थर तेवढाच राहून घेर 36 इंच झाला, की तो 68 टक्क्यांवर जातो.

उभे झाड नजरेने विकू नका. व्यवहारात ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा हिस्सा घेऊन, त्याला त्यानेच आणि लांबीने गुणतात. 36 इंच घेर, 10 फूट लांबी: 9 × 9 × 10 ÷ 144, म्हणजे सुमारे 5.6 घनफूट. खरे घनफळ 7 घनफुटांच्या वर असते, पण दर याच मापावर ठरतात. घेर सालीवरून घ्यायचा की साल काढून, हे आधीच बोलून घ्या. वाद तिथेच होतात.

साग अनुसूचित, म्हणजे तोडीवर कायद्याचे बंधन असलेले झाड आहे. स्वतःच्या सातबाऱ्यावर असला तरी तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना लागतो, म्हणून अर्ज वेळेत करा. व्यापाऱ्याने ‘मी बघतो’ म्हटले तरी कागद तुमच्याच नावाचे असतात.

ओंडके पडले की त्याच दिवशी दोन्ही तोंडांना ऑइल पेंट फासा, नाहीतर तोंडे लवकर वाळून चिरतात. पलंगाच्या पायांना 3 × 3 इंच, झोपाळ्याच्या पाटाला दीड इंच, कपाटाच्या दाराला एक इंच असे कापून घ्या. वाळताना आकसते आणि रंध्यात जाते, म्हणून पाव इंच वाढीव. फळ्या जमिनीपासून फूटभर वर, सावलीत, दर दोन फुटांवर इंचभर पट्ट्या देऊन रचा. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात. हुकल्या की फळीला बाक येतो. वर दगड ठेवा. इंचभर फळीला साधारण वर्ष द्या. कोकणात हवा दमट, तिथे सुतारकाम शक्यतो पावसाळ्याआधी, लाकूड कोरडे असताना करून घ्या. पांढरे लाकूड टाकवत नसेल तर 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड विरघळवून, ओल्या फळ्याच त्यात बुडवा आणि काही दिवस प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा. ते खणाच्या आतल्या कामाला चालते, चौकटीला नाही.

बुंधा जमिनीपासून जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर ठेवून तिरका कापा, वर पाणी साचता कामा नये. त्यावर धुमारे फुटले की जोमदार, जमिनीलगतचा एक ठेवून बाकीचे काढा. त्याला गुरांपासून कुंपण हवे.