सेमी-ऑटोमॅटिक मशीन फिरेना? आधी आवाज ऐका

दोन टबांच्या मशीनला मोटारीही दोन असतात, एक धुण्याची आणि एक ड्रायरची. त्यामुळे एक बाजू बंद पडून दुसरी चालू असेल, तर प्लग, बोर्ड आणि घरातली वीज ठीक आहे हे तिथेच कळतं. दोन्ही बंद असतील तर आधी सॉकेट तपासा. व्होल्टेज फार उतरलं असेल, तर चांगली मोटारसुद्धा नुसती गुणगुणते. संध्याकाळी फिरत नाही आणि सकाळी फिरते, असं असेल तर मशीन उघडूच नका.

मशीन रिकामं करून टायमर लावा आणि चार-पाच सेकंदच ऐका. फिरत नसलेली मोटार चालू ठेवली तर वाइंडिंग, म्हणजे आतलं तारांचं वेटोळं, जळतं.

अजिबात आवाज नाही. मोटार फार तापली की आतला थर्मल कटआउट तिला बंद करतो. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. तरीही गप्प असेल तर टायमर, तुटलेली वायर किंवा ड्रायरच्या झाकणाखालचा स्विच बघा. मशीन खालून उघडं असल्यामुळे उंदीर आत शिरून वायरी कुरतडतात. ही तक्रार वाटते त्यापेक्षा फार जास्त आढळते.

घुं घुं आवाज येतो, पण फिरत नाही. प्लग काढा आणि धुण्याच्या टबातली चकती, म्हणजे पल्सेटर, हाताने फिरवा. घट्ट असेल तर मधला स्क्रू काढून ती वर उचला. खाली नाणी, केसांच्या पिना, ब्लाउजचे हूक सापडतात. चकती सहज फिरत असेल तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणाऱ्या भागावर.

मागचं झाकण काढलं की कंडेन्सर दिसतो. बऱ्याच मशीनमध्ये एकाच डब्यात दोन असतात, उदाहरणार्थ १० + ५ मायक्रोफॅरड: मोठा धुण्याचा, छोटा ड्रायरचा. तारांचा फोटो काढून ठेवा. प्लग काढलेला असला तरी त्यात चार्ज उरू शकतो. म्हणून कोरडी, प्लास्टिक मुठीची स्क्रूड्रायव्हर टोकांना एकाच वेळी टेकवून तो उतरवा, मगच हात लावा. मायक्रोफॅरड मोजणाऱ्या मीटरवर आकडा लेबलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी आला तर बदला. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट लेबलवरच्यापेक्षा कमी नकोत. दुकानदार ‘थोडा मोठा टाका, जोरात फिरेल’ म्हणाला तर ऐकू नका, मोटार तापेल.

चकती एकाच दिशेला फिरते आणि उलट दिशेची पाळी आली की थांबते? मग कंडेन्सर बदलून उपयोग नाही. दोन्ही दिशांना तोच कंडेन्सर लागतो. दोष टायमरच्या जळलेल्या पॉइंटमध्ये किंवा त्याच्या वायरीत असतो.

मोटार पळते, चकती नाही. बेल्ट बघा. मधोमध बोटाने दाबल्यावर तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. जास्त दबला तर मोटारीचे बोल्ट सैल करून ती थोडी बाहेर सरकवा आणि पुन्हा आवळा. बेल्टला चिरा असतील तर त्यावर छापलेला नंबर वाचून तोच आणा. बेल्ट ठीक असूनही चकती फिरत नसेल, तर तिच्या मधल्या भोकाचे दाते झिजलेत का बघा. झिजले असतील तर नवी चकती बसवून काम भागतं. पुली, म्हणजे बेल्टचं चाक, फिरते पण वरचा दांडा फिरत नाही, तर गिअरबॉक्स गेला.

ड्रायर. झाकण उघडून टब हाताने फिरवला, तो घट्ट लागला म्हणून मोटार जाम झाली असं अनेकांना वाटतं. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेलाच असतो. झाकण बंद केल्यावर तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. तार सैल झाली किंवा तुटली की ब्रेक सुटत नाही, मोटार गुणगुणते, जळका वास येतो. प्लग काढून, झाकण बंद ठेवून मागून खालचा ब्रेक ड्रम फिरवा. तो मोकळा फिरला पाहिजे. अडकत असेल तर तार थोडी ताणून बांधा.

ड्रम मोकळा आहे, तरी वेग घेत नाही? टबाखाली पाणी साचलंय का बघा. आउटलेट पाइप उंच अडकवला असेल किंवा धाग्यांनी तुंबला असेल, तर टब पाण्यातच फिरत राहतो. मोजे-रुमाल टबाच्या कडेवरून घसरून दांड्याला गुंडाळतात, तेही बघा. मोटार फिरते आणि टब स्थिर, तर टबाचा दांडा मोटारीला जोडणारे बोल्ट सैल झालेत. ते लॉकनटसकट आवळा.

दांड्याभोवतीचं रबरी सील फाटलं की पाणी थेट मोटारीवर ठिबकतं. गंज दिसला तर आधी सील बदला, नाहीतर नवी मोटारही तशीच जाईल.

जोडून झाल्यावर निम्मं पाणी घेऊन, कपड्यांशिवाय पाच मिनिटं चालवा. मग ड्रायर पूर्ण वेगात असताना झाकण उचला, हात आत घालू नका. टब दहा-पंधरा सेकंदांत थांबला नाही, तर ब्रेकची तार जास्त ताणली गेलीय; किंचित सैल करा.