तिसऱ्यांच्या हॅचरीत काम करायचंय? आधी शैवालाची खोली बघा

मत्स्यविज्ञान किंवा सागरशास्त्र शिकणारी गोव्यातली पेडणे-डिचोलीकडची मुलं तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, हॅचरीत (अंड्यांपासून पिल्लं वाढवायच्या केंद्रात) यायचं म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकाखाली भिरभिरणाऱ्या अळ्या असतात. त्या दिसतात, पण दिवसातला थोडाच वेळ. बाकीचा दिवस पाणी गाळण्यात, टाक्या घासण्यात आणि अळ्यांना खायला लागणारं सूक्ष्म शैवाल वाढवण्यात जातो.

तिसऱ्यांची अंडी फळली की साधारण एका दिवसात इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी, दोन शिंपांची अळी तयार होते. पाणी २७ ते ३० अंशांवर असलं तर दहा-पंधरा दिवसांत तिला पाय फुटतो आणि ती तळाशी जागा शोधू लागते. तोवर ती पोहत असते आणि खात असते.

खाणं म्हणजे आयसोक्रायसिस, पाव्हलोव्हा अशी जेमतेम ५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शैवालं. अळी मोठी झाली की सोबत कीटोसेरॉस. अळीची शिंप पारदर्शक असते, त्यामुळे पोट भरलंय का ते सरळ दिसतं: आत सोनेरी-तपकिरी रंग हवा. पोट रिकामं दिसलं की नवखी मुलं घाबरून जास्त शैवाल ओततात. न खाल्लेलं शैवाल सडतं, त्यावर जिवाणू माजतात आणि काल छान पोहणाऱ्या अळ्या सकाळी तळाशी साचलेल्या दिसतात. व्हिब्रिओ हा रोग आणणारा जिवाणू एकदा शिरला की ती टाकी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत. प्रतिजैविकं घालून तग धरलेल्या अळ्या पुढे क्वचितच चांगल्या वाढतात.

सुरुवातीला मिलिलिटरला पाचेक अळ्या चालतात, पुढे एक-दोनवर आणाव्या लागतात. एक दिवसाआड सगळं पाणी चाळणीवरून सोडायचं, अळ्या धुवायच्या, मोजायच्या, स्वच्छ टाकीत घालायच्या. मागे राहिलेल्या बारक्या अळ्या टाकून देताना जीव हळहळतो, पण टाकाव्यात. नळ आणि जोड प्लास्टिकचेच हवेत. पितळेतून सुटणारं तांबं अळ्यांना विष आहे. टाकीतल्या पाण्यात हवा बारीक सोडावी.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळा. ऐन पावसात मांडवी, जुवारी, चापोरा यांच्या मुखाजवळचं वरचं पाणी जवळपास गोडं होतं आणि अळ्यांना हवी हजारी तीसच्या आसपास क्षारता. म्हणून पाणी आधी साठवायचं, नाहीतर काम ऑक्टोबरनंतर धरायचं. तिसऱ्यांचं सुकं मात्र पावसातही सगळ्यांना हवं असतं!

भारतात या कामाचा पाया केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या तुतीकोरिन केंद्रात घातला गेला. सागरशास्त्र शिकायला गोवा विद्यापीठ जवळ आहे, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. पण पदवीत शैवालाची निर्जंतुक कलमं, म्हणजे दुसरे जंतू शिरू न देता शैवाल नव्या फ्लास्कमध्ये वाढवणं, हाताला लागतीलच असं नाही. सुट्टीत कुठल्या तरी प्रयोगशाळेत तेवढंच शिकून घ्या.

मुलाखतीला गेलात की शैवालाची खोली दाखवा म्हणा. रात्री वीज गेली तर जनरेटर कोण सुरू करतं, ते विचारा. शैवालाचे फ्लास्क पांढुरके पडलेले दिसले, तर पगाराच्या आधी त्याचं कारण विचारा.